धोंडा कोण मोजतं

“सिस्टर, कालपासून लेकरू हलून न्हाई राहिलं,” रुख्मिणीबाई दारातूनच म्हणाली. मागे तिची सून सुकन्या दोन्ही हातांनी पोट धरून उभी होती.

कौशल्या सिस्टरनी सुकन्याला पडद्याआड टेबलावर निजवलं आणि लाकडी नळी पोटाला लावून कान टेकला. त्यांना ऐकू यावं म्हणून मी पंखा बंद केला. दहा मेचा उन्हाळा, पत्र्याचा दवाखाना. पडद्याखालून मला त्यांचे पाय दिसत होते. ते टेबलाच्या या बाजूला आले, मग त्या बाजूला गेले, पुन्हा या बाजूला आले.

“अमृतराव, हिचं कार्ड बघा,” आतून आवाज आला.

रुख्मिणीबाईनं कमरेच्या पिशवीतून कार्ड काढलं. घडीवर घडी घालून मेंढरांमागं सहा महिने हिंडलेलं ते कार्ड. “बावीस मे हाय, साहेब. अजून बारा दिवस हायेत. तुमीच लिवून देल्ती.”

व्हय, मीच दिली होती. दवाखान्यात कंप्युटर आला तेव्हा नांदेडला पाच दिवस शिकून आलेला मी एकटाच. काळा पडदा, पांढरी अक्षरं. ‘डेट’ लिहायचं, पुढं किती महिने मागं जायचं ते लिहायचं, बटण दाबायचं. तारीख वारासकट हजर! पोरांच्या शाळेच्या दाखल्यापासून म्हाताऱ्यांच्या पगारापर्यंत, ज्याला जुनी तारीख हवी तो माझ्याकडे यायचा. मला मोठा माज चढला होता, खोटं कशाला बोलू?

दिवाळी सरल्यावर, पंधरा नोव्हेंबरला, ही सासू सुनेला घेऊन आली. बोटं मिटून म्हणाली, तीन महिने सरले. मी ‘तीन महिने मागे’ लिहिलं, पंधरा ऑगस्ट आली. तिथून दोनशे ऐंशी दिवस पुढे गेलो, बावीस मे. सिस्टर तेव्हाच म्हणाल्या होत्या, “पोट जरा जास्त वाटतंय हो.” आणि मी काय म्हणालो? “सिस्टर, हात चुकेल, मशीन न्हाई चुकत.” दुसऱ्याच दिवशी बिऱ्हाड मेंढरांमागं निघून गेलं.

आता सिस्टर पडदा सारून बाहेर आल्या. चेहरा घामानं भिजला होता. “तारीख परत काढा,” त्या हळू म्हणाल्या. “हिचे दिवस कधीच भरलेत.”

“मावशी,” मी रुख्मिणीबाईला विचारलं, “ते तीन महिने कसे मोजले होते?”

“कसे म्हंजी? आखाडाच्या अवसेला ती बाहेर बसली व्हती. मंग श्रावण, भादवा, आश्विन.” तिनं एकेक बोट मिटलं. “झाले की तीन.”

“आणि धोंड्याचा अधिक महिना? मागच्या साली श्रावणाआधी धोंडा होता ना?”

“धोंडा कोन मोजतं, साहेब?”

भिंतीवर नव्या कॅलेंडरखाली जुनं टांगलेलं होतं. आषाढ अमावास्या, सतरा जुलै. मी ती तारीख आणि पुढं दोनशे ऐंशी दिवस असं लिहिलं. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा पडद्यावर आलं: शनिवार, तेवीस एप्रिल.

सतरा दिवस वर झाले होते.

सिस्टरनी जीप मागवली. सुकन्या चढताना माझ्याकडे बघून म्हणाली, “बावीसपर्यंत थांबंल ना, साहेब?” मी जीपचं दार लावलं.

बाराव्या दिवशी रुख्मिणीबाई नोंदीसाठी आली. मी रजिस्टर उघडलं, पण पेन चालेना.

“पोरगं व्हतं,” ती म्हणाली. “नखं लई वाढली व्हती त्याची.”

“मावशी, चूक माझी. मी विचारायला पाहिजे होतं.”

“तुमी काय करता? म्याच न्हाई मोजला.”

तिनं मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढल्या वर्षी दिवाळीनंतर दोघी पुन्हा दारात. मला भीती वाटली, आणि आनंदही झाला. मेंढरांमागं आता सुकन्याचा नवरा शिवहार एकटाच गेला होता. सुकन्याला गावातच ठेवलं होतं.

“काढा तारीख, साहेब.”

मी कळफलक बाजूला सारला, स्टूल ओढून तिच्यासमोर बसलो. “आधी बोटं, मावशी. एकेक महिना सांगा.”

“श्रावण. भादवा. आश्विन.” तीन बोटं मिटली. “यंदा धोंडा न्हाई, साहेब.”

“माहीत आहे. तरी विचारणारच होतो.”

तिनं मान हलवली. मिटलेल्या तीन बोटांशेजारी धोंड्याची करंगळी तशीच उभी होती. मी तारीख लिहून होईपर्यंत तिनं ती मिटली नाही.