शटर उघडं असताना

तीस वर्षांत मुरबाडच्या आसपास जेवढी लग्नं लागली, त्यांतल्या निम्म्यांचे तरी फोटो भगीरथने काढले असतील. नवरी कधी रडणार आणि मामा कधी रुसणार, हे त्याला भटजीच्या आधी कळायचं. दोन वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात थरथरायला लागला. गोळ्यांनी थोडा फरक पडला, पण फोटो हलायचे ते हललेच. एका लग्नात नवरदेवाला तीन कान आले, तेव्हा भगीरथने कॅमेरा पत्र्याच्या पेटीत ठेवून कुलूप घातलं. तेव्हापासून तो ओट्यावर बसून दुसऱ्यांच्या फोटोंना नावं ठेवायचा. "स्वताला जमत नाय, नि नाकानं कांदं सोलतात," असं त्याची बायको सुंदरा म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं.

कार्तिकातल्या अवसेला त्याची लेक कुणाली कल्याणहून घरी आली ती मैत्रिणीचा मिररलेस कॅमेरा आणि तिवई घेऊनच.

"बाबा, सिद्धगडावरच्या चांदण्यांचा फोटू काढायचाय. शटर दहा मिनिटं उघडं ठेवलं की चांदण्या सरकतात नि त्यांच्या रेघा उमटतात. तेवढ्यात बोट लागलं तर धडधाकट माणसाचाबी फोटू हलतो. म्हणून सगळेच लांबून फोनवर बटन दाबतात. मंग तुमचा हात थरथरला काय नि नाय काय?"

भगीरथला हे पटलं आणि म्हणूनच तो घाबरला. हाताची सबब गेली आणि तरीही फोटो जमला नाही, तर दोष कुणाला द्यायचा? पण लेकीपुढे असलं बोलायचं कसं. "एकदाच येईन," तो म्हणाला. "नाय जमलं तर परत माझ्यासमोर कॅमेऱ्याचं नाव काढायचं नाय."

रात्रीचं जेवण आटपून दोघं शेतावर गेली. बांधावर तिवई रोवली. समोर सिद्धगडाचा काळा आकार आणि त्याच्यावर कृत्तिकांचा पुंजका. किती उजवीकडे घ्यायचं, आकाश किती आणि डोंगर किती, हे भगीरथने सांगितलं आणि कुणालीने तसा कॅमेरा बसवला. मग तिने फोन त्याच्या हातात दिला.

त्याने अंगठा टेकवला. अंगठा थरथरला आणि पुन्हा टेकला. पहिल्या टेकण्याने शटर उघडलं, दुसऱ्याने मिटलं. फोनवर काळाकुट्ट फोटो आला. तीनदा केलं, तीनदा तेच. शेवटच्या वेळी त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरून बघितलं, तर दोन्ही हात थरथरायला लागले.

"बघ, नाय जमत," त्याने फोन परत दिला. त्याला रडू येत होतं आणि रागही येत होता. "तूच दाब. मी हितं बसतो, कुत्रं-बित्रं धडकायला नको."

कुणालीने फोन घेतला. फोनचा उजेड कॅमेऱ्यात जाऊ नये म्हणून ती वीसेक पावलांवर भाताच्या भाऱ्यांच्या उडवीमागे गेली. "उघडलं," तिचा आवाज आला. भगीरथ तिवईशेजारी उकिडवा बसला.

तीन-चार मिनिटं गेली असतील, तोच समोरच्या शेतात बॅटरी लागली. हा देवजी. भात कापून पडलेलं असलं की रानडुकरांच्या भीतीने लोक शेतावर राखणीला असतात, आणि दुसऱ्याच्या शेतात उजेड दिसला की बॅटरी फिरवून विचारायची रीत आहे. समोरच्याने आपली बॅटरी फिरवून उत्तर द्यायचं. उत्तर नाही आलं, तर विचारणारा काठी घेऊन तुमच्याकडे निघालाच समजा. देवजीला कुणालीच्या फोनचा उजेड दिसला होता. आता त्याची बॅटरी बांधावरून सरकत कॅमेऱ्याकडेच येत होती.

भगीरथने डोक्यावरची काळी कानटोपी ओढली आणि भिंगासमोर चार बोटं अंतरावर धरली. पूर्वी अंधाऱ्या देवळात शटर उघडं ठेवून फोटो काढताना मधून कुणी दिवा घेऊन गेलं, की तो असंच करायचा. टोपी जोरात थरथरत होती. पण ती कॅमेऱ्याला कुठे लागत नव्हती, आणि अंधाराला थरथरीचं काय! चांदण्यांच्या रेघांत एक बारीक फट राहील, एवढंच. आता देवजीला उत्तर द्यायचं राहिलं होतं. उजेडाने देता येत नव्हतं, पण आवाजाने फोटोचं काही बिघडत नाही.

"देवजी, मी हाय रे. बॅटरी विझव आधी."

बॅटरी विझली. भगीरथने टोपी बाजूला केली.

"भगीरथ काय?" देवजीने अंधारातून विचारलं. "काळोखात बसून करतोस काय?"

"फोटू काढतोय."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं. दोन वर्षांत हे शब्द तोंडून निघाले नव्हते. त्याने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली नाही, हातातच ठेवली.

"किती राहिली गो?" त्याने उडवीकडे बघून विचारलं.

"पाच मिनिटं, बाबा."

"बरं. हा झाला की कॅमेरा थोडा डावीकडं घेऊ. तिकडनं दुसरा काढायचाय."