अण्णांची वडी

नेकनूरच्या धोंडीराम अण्णांना साखर निघाली, ही बातमी त्यांच्याआधी बसस्टँडवर पोचली होती. अण्णा दोनदा पंचायत समितीवर निवडून आलेले. लग्न असो की दहावा, अण्णा आल्याशिवाय पंगत बसत नसे, आणि ते बसले की वाढप्याला त्यांच्या पत्रावळीकडे पाठ फिरवायची सोय नसे. अशा खाणाऱ्या माणसाला डॉक्टरांनी भाकरी, भात आणि गोड तोडायला सांगितलं. पुढचा आठवडाभर अण्णा घरात कुणाशी धड बोलले नाहीत.

मार्ग काढला आरोहीने. आरोही त्यांची एकुलती एक मुलगी, पुण्यात एका कंपनीत नोकरीला. दसऱ्याला घरी येताना ती एक छोटा ओव्हन घेऊन आली, ओट्यावर मांडला आणि आईला, वनमालाबाईंना, शेजारी उभं करून शिकवलं. अंडी फोडून फेटायची. त्यात मेथी, कोबी, ढोबळी मिरची, कांद्याची पात, जे घरात असेल ते चिरून घालायचं. मीठ, हळद, थोडा ठेचा, कुस्करलेलं पनीर. तेल लावलेल्या ट्रेत ओतून ओव्हनमध्ये ठेवून द्यायचं, फुगून वरून तांबूस झालं की काढायचं. पीठ नाही, बटाटा नाही. एकदा केलं की दोन दिवस फ्रिजमध्ये राहतं, भूक लागली की तुकडा गरम करून खायचा. आरोही त्याचं काहीतरी इंग्रजी नाव सांगत होती, पण वनमालाबाईंनी पाटवडी कापावी तसे त्याचे चौकोन कापले आणि घरात त्याचं नाव वडीच पडलं.

अण्णांनी पहिला तुकडा नाक मुरडून खाल्ला. दुसरा मागून घेतला.

मग वडीने घर ताब्यात घेतलं. कधी शेपूची, कधी दोडक्याची, कधी भाजलेल्या वांग्याची. अण्णांचं पोट उतरलं, पायजम्याची नाडी दोन बोटं आत आली. डॉक्टरांनी तपासून तपासून गोळ्या कमी केल्या. कुणाचं काम घेऊन केजच्या तहसीलमध्ये गेले की बरोबरची मंडळी हॉटेलात भजी खात आणि अण्णा डबा उघडून वडी खात. खाता खाता भाषणही देत. माणसानं जीभ जिंकली की साखर आपोआप जिंकली जाते, असं ते सांगत, आणि ऐकणारे माना डोलवत. वडी कोण करतं, हे कुणी विचारत नसे. अण्णाही सांगत नसत. त्यांच्या बोलण्यातून ऐकणाऱ्याला वाटे, अण्णाच करत असतील.

अंडी संगीता आणून द्यायची. ती वस्तीवरची, तिच्या घरी शेळ्या आणि कोंबड्या. अंडी देऊन झाली की ती स्वयंपाकघरात वनमालाबाईंजवळ टेकायची, दोघी चहा प्यायच्या, बोलायच्या. काय बोलायच्या ते अण्णांच्या कानावर कधी गेलं नाही.

होळीच्या आधीची गोष्ट. केजचे बद्रीनाथ, अण्णांचे जुने सोबती, गाडी काढून नेकनूरला आले. त्यांनाही साखर निघाली होती. अण्णांनीच बोलावलं होतं, या, डोळ्यांनी बघा, खाऊन जा. बरोबर त्यांची बायको आणि आणखी दोघंतिघं होते. बैठकीत माणसं बसली, अण्णा सोफ्यावर मधोमध. त्यांनी आपला जुना पायजमा मागवून कंबरेशी धरून दाखवला. सगळे हसले. मग अण्णांनी आत आवाज दिला, "आण गं वडी."

वनमालाबाई आल्या. पदर डोक्यावर, फडक्यात धरलेला गरम ट्रे, वर वाफ. दारापासून सोफ्यापर्यंतचं अंतर त्या फार सावकाश चालत होत्या. बद्रीनाथांच्या लक्षात आलं. ते म्हणाले, "वहिनी लंगडायल्यात का?"

"चप्पल लागली असंल," अण्णा म्हणाले आणि ट्रेकडे हात केला.

तो हात तसाच राहिला. वनमालाबाईंचे गुडघे मोडले आणि त्या सरळ खाली आल्या. ट्रे फरशीवर आपटला, वडीचे चौकोन सोफ्याखाली, पाहुण्यांच्या पायांत उडाले.

"आगं, सांडलं की सगळं," अण्णा म्हणाले.

हे ते बोलले. बैठकीत बसलेल्या प्रत्येकाने ऐकलं. बद्रीनाथांची बायको खाली बसून वनमालाबाईंचं डोकं मांडीवर घेत होती, तिने मान वर करून अण्णांकडे एकदा पाहिलं. आतून संगीता धावत आली. तिने वनमालाबाईंच्या कपाळाला हात लावला आणि झटक्याने मागे घेतला. अंग तव्यासारखं तापलं होतं. श्वास धापा टाकल्यासारखा चालला होता, डोळे अर्धे उघडे, पण त्या डोळ्यांत कुणी ओळखीचं असल्याची खूण नव्हती. अण्णा तेव्हा कुठे सोफ्यावरून उठले.

बद्रीनाथांच्याच गाडीतून वनमालाबाईंना बीडला नेलं. मागच्या सीटवर संगीता त्यांना धरून बसली. अण्णा पुढे बसले. उन्हाने असेल, उपासाने असेल, असं ते वाटभर म्हणत राहिले.

दवाखान्यात वयाने आरोहीएवढी असेल अशी एक डॉक्टरीण होती. तिने वनमालाबाईंचं बोट टोचलं, थेंब मशीनवर घेतला आणि मशीन नर्सला दाखवलं. आकडा आलाच नव्हता. मशीन मोजू शकतं त्याच्याही पुढे साखर गेली होती.

अण्णांना वाटलं, घोटाळा झाला. त्यांनी समजावून सांगितलं, "मॅडम, साखर मला हाय. तिला न्हाई."

डॉक्टरीण म्हणाली, साखर यांना आहे, आणि बऱ्याच दिवसांपासून असणार. गोळ्या कुठल्या चालू आहेत? याआधी कधी रक्त तपासलंय? अण्णांना आठवलं, त्यांची साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, बायकोचीही एकदा बघून घ्या. तिला काय धाड भरलीय, असं म्हणून ते हसले होते. वय काय यांचं? अण्णांनी अंदाजाने सांगितलं, मग बदलून दुसरं सांगितलं. डॉक्टरीण सलाईन लावत लावत विचारत होती. तिचा आवाज चढलेला नव्हता. तिने पुढचा प्रश्न विचारला, रोजचं जेवण काय असतं यांचं?

अण्णांनी तोंड उघडलं. बायकोचं ताट डोळ्यांसमोर येईना. आपलं ताट त्यांना लख्ख दिसत होतं, वडी, काकडी, ताक. ताट ठेवणारा हात दिसत होता, हातातल्या हिरव्या बांगड्या दिसत होत्या. त्याच्या पुढचं काही दिसत नव्हतं. तीस वर्षं झाली लग्नाला, आणि बायको काय खाते हे त्यांना ठाऊक नव्हतं. ती जेवताना ते घरात नसायचे, नाहीतर बैठकीत असायचे, नाहीतर झोपलेले. भरसभेत कुणी काही विचारलं तरी न अडखळणारा हा माणूस त्या पोरीपुढे भिंतीला हात लावून उभा राहिला.

नर्सने पायाकडची चादर वर केली. डाव्या पायाला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली होती, हळदीने पिवळी आणि मधे काळपट. ती सोडवताच वास आला. करंगळीच्या बुडाशी भोक पडलं होतं आणि करंगळी काळीनिळी झाली होती. अण्णांनी तोंड फिरवलं, पुन्हा वळवलं, पुन्हा फिरवलं. एका छपराखाली, एका खोलीत ते या पायाशेजारी झोपत होते.

त्यांना बाहेर बसायला सांगितलं. बाकड्यावर संगीता बसली होती. तिला सगळं माहीत होतं. दिवाळीच्या सुमारास काकूंच्या पायात बाभळीचा काटा मोडला होता. काढला, पण जखम भरली नाही. संगीता म्हणायची, दवाखान्यात चला, आणि काकू म्हणायच्या, यांचं केजचं काम उरकू दे, मग जाऊ. तहान तर एवढी लागायची की तांब्या जवळ घेऊनच बसायच्या. आणि खायच्या काय, असं अण्णांनी खाली बघत विचारलं.

संगीता म्हणाली, "सकाळी शिळी भाकर गोड चहात कुस्करून. दुपारी भात. तुमी भाकर सोडली पर घरात गड्यामाणसासाठी व्हतीच की, उरली की काकूच खायच्या. टाकायची कावून, म्हणायच्या."

"आन् वडी?"

"मी म्हणलं व्हतं एकदा, काकू, एक तुकडा तुमी बी खावा. न्हाई खाल्ला."

अण्णा उठून पाण्याच्या टाकीपर्यंत गेले, नळ सोडला, पाणी न पिताच बंद केला आणि परत येऊन बसले.

वनमालाबाईंना दुसऱ्या दिवशी शुद्ध आली. त्यांनी आधी विचारलं, पाहुणे जेवून गेले का. अण्णा कॉटशेजारच्या स्टुलावर बसले होते. रागवावं असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. पण आवाज निघाला तो वेगळाच.

"तू वडी कावून खात नव्हतीस गं?"

वनमालाबाईंना प्रश्नाचंच नवल वाटलं. "ते तुमच्या औषधाचं हाय," त्या म्हणाल्या. "औषध का सगळ्यांनी खायाचं असतं?"

त्यात रुसवा नव्हता, टोमणाही नव्हता. त्यांना तसंच वाटत होतं. अण्णांना टोमणा सोसला असता. हे सोसवेना. त्यांनी बायकोच्या सलाईन लावलेल्या हाताकडे पाहिलं. अंगठ्यापाशी ओव्हनच्या चटक्याचे दोन जुने डाग होते. तेही त्यांनी आज पाहिले.

करंगळी काढावी लागली. पाय वाचला. आरोही पुण्याहून आली, आईच्या पायथ्याशी बसून रडली आणि मग बापाशी बोलेनाशी झाली. ओव्हन आणला तेव्हा आईची साखर आपण तरी का तपासली नाही, हे ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि कुणाला म्हणत होती ते कळत नव्हतं. सुट्टी संपल्यावर ती गेली. जाताना इन्सुलिनची सुई कशी द्यायची ते तिने अण्णांना दाखवलं. एवढंच बोलली.

वनमालाबाई घरी आल्या, पण कॉटवरच असायच्या. पाय खाली टेकवायचा नव्हता. डॉक्टरीणबाईंनी त्यांनाही भाकर-भात मोजका आणि भाजी-अंडी जास्त, असंच सांगितलं होतं. संगीता म्हणाली, मी करून देते. अण्णा म्हणाले, नको.

स्वयंपाकघरात ते एकटे उभे राहिले. पाच-सहा महिने ही वडी खाल्ली, गावोगाव तिच्यावर बोलले, आणि आता डबे उघडून बघताना हळद कुठली ते सापडेना. शेवटी आरोहीला फोन लावला. बराच वेळ वाजून तिने उचलला. अण्णांनी विचारलं की अंडी किती, आणि बटण कुठलं फिरवायचं. ती सांगू लागली, आधी तुटक, पुढे पुढे नीट. अंडी एकेक वाटीत फोडा, टरफल पडलं तर दिसतं. मेथी धुवून निथळू द्या, नाहीतर पाणी सुटतं. ओव्हन आधी तापू द्या. अण्णांनी मोबाइल डब्याला टेकवून ठेवला आणि सांगेल तसं करत गेले. कांदा चिरताना बोट कापलं, ते त्यांनी तिला कळू दिलं नाही.

वडी कडेने करपली आणि मधे ओलसर राहिली. पुन्हा आत ठेवली, तेव्हा मधलं शिजलं आणि कडा कडक झाल्या. मीठ घालायचं राहिलंच होतं. अण्णांनी ती कापली, दोन ताटल्यांत वाढली आणि कॉटशेजारी स्टूल ओढून बसले. वनमालाबाई लाजल्या. आधी तुमी खावा, म्हणाल्या. अण्णा म्हणाले, बरोबरच खाऊ.

त्या खाऊ लागल्या आणि अण्णा बघत राहिले. त्या फार हळू खात होत्या. कडक कड आली की तोंड वाकडं करून घास उजवीकडे लोटत होत्या.

"येकाच बाजूनं कावून खातीस?"

"डाव्या अंगाला दाढा न्हाईत ना."

अण्णांचा घास तोंडात तसाच राहिला. "कवा पडल्या?"

वनमालाबाईंनी आठवून पाहिलं. "येक आरोही लहान व्हती तवा. बाकीच्या ध्यानात न्हाई."

अण्णांनी बायकोची ताटली आपल्याकडे ओढली, करपलेल्या कडा काढून स्वतःच्या ताटलीत टाकल्या आणि मधल्या मऊ भागाचे बोटाने बारीक बारीक तुकडे करू लागले.