सहाशे चारमधल्या लानची शिकवणी

दिवाळी झाली आणि नेरूळच्या त्या सोसायटीत, सहाव्या मजल्यावर, व्हिएतनामहून आलेलं एक कुटुंब राहायला आलं. नवरा तुआन इंजिनीयर, द्रोणागिरीच्या एका नव्या गोदामात शीतगृहाची यंत्रं बसवायला आलेला. बायको लान. आणि आठ वर्षांची मुलगी, तिचं नाव माय. त्या नावानं पहिल्याच दिवशी गंमत केली. खाली खेळणारी पोरं एवढ्याशा मुलीला "ए माय, इकडे ये ना" अशी हाक मारायला लागली आणि येणारीजाणारी माणसं थबकून बघायला लागली.

हे सगळं जमुनेला वॉचमनकडून कळलं. जमुना सारसोळ्याची कोळीण. सव्वीस वर्षं ती याच भागात मासे विकत होती. सकाळी आठच्या सुमाराला गेटाशेजारच्या बदामाखाली पाटी उतरवायची, अर्धा तास तिथं बसायचं आणि मग ठरलेल्या दारांवर जायचं, असा तिचा नेम. कुठल्या घरात सोमवारी चालत नाही, कुठल्या घरात सासू गावाला गेली की बोंबील लागतात, तिला सगळं पाठ होतं. नवं बिऱ्हाड आलं की आठ दिवसांत ती त्याची आवड ओळखायची. सहाशे चारनं मात्र दारच उघडलं नाही. बेल वाजवली की दाराच्या भिंगात काळोख व्हायचा, म्हणजे पलीकडे कुणीतरी डोळा लावलेला असायचा. मग आतली पावलं हलकेच लांब जायची. असं तीन आठवडे चाललं. जमुनेनं त्या दाराचा नाद सोडून दिला.

डिसेंबरातल्या एका सकाळी लान मायला शाळेच्या बसपर्यंत सोडायला खाली आली. बस गेली. लान परत फिरली आणि पाटीसमोर थांबली. थोडा वेळ नुसती बघत राहिली. मग गुडघे दुमडून, टाचा जमिनीला टेकवून, ती चक्क उकिडवी बसली. सोसायटीतल्या बायका वाकून, नाक जरा लांब ठेवून मासे बघायच्या, अशी कुणी बसत नसे. लाननं वरची सुरमई बाजूला सारली, खालची काढली, अंगठ्यानं कल्ला उचलून आतला रंग बघितला, पोट दाबलं आणि मान हलवून ती परत ठेवली. मग तिसरी उचलली. पाटीतली सगळ्यात ताजी तीच होती, आणि जमुनेनं ती दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी मुद्दाम तळाला ठेवली होती.

"बाय, तू त आमच्यातलीच हाय," जमुना म्हणाली.

लानला अक्षर कळलं नाही, पण ती हसली. सुरमई तिलाच मिळाली.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं. लाननं जमुनेला आत बोलावलं, भाषांतर करणारा फोन पुढे केला आणि खुणेनं त्यात बोलायला सांगितलं. त्या फोनची मजा अशी की जमुना आपल्या बोलीत काही विचारी आणि तो लानला भलतंच काही सांगे. 'कोलंबी साफ करून देऊ का' असं विचारलं तर लान दचकून बघायला लागली. शेवटी दोघींनी फोन बाजूला ठेवला आणि बोटांनी काम भागवलं.

फ्रिजवर एक कागद चिकटवलेला होता. कंपनीच्या माणसानं नव्यानं आलेल्या कुटुंबांसाठी दिलेला, बत्तीस सूचनांचा. जमुनेनं त्याचा फोटो काढून घेतला आणि संध्याकाळी सुनेकडून, भाविकाकडून, वाचून घेतला. भाविका एका विमा कंपनीत नोकरीला, इंग्रजी चांगलं. पाणी उकळून प्या. अनोळखी माणसाला दार उघडू नका. उघड्यावरचं खाऊ नका. गर्दीत जाऊ नका. एकट्यानं रिक्षात बसू नका. भाविका वाचत गेली आणि जमुना ऐकत राहिली. कागद संपल्यावर ती म्हणाली की यात काय करू नको तेवढंच लिहिलंय, मग त्या बाईनं दिवसभर करायचं काय?

दुसऱ्या दिवसापासून तिची शिकवणी सुरू झाली. ठरवून काही नाही, जसं समोर येईल तसं. पाणी सकाळी साडेसहाला येतं, तेव्हाच पिण्याचं भरून घ्यायचं. भाजीवाल्याकडं कोथिंबीर मागून घ्यायची, तो देतो, पण आधी त्याच्याकडून दोन भाज्या घ्यायच्या. शेजारून डबा आला तर तो रिकामा परत करायचा नाही, अगदीच काही नसलं तर चार साखरेचे दाणे घालायचे. वॉचमनला 'काका' म्हणायचं आणि कचरा नेणाऱ्या बाईला 'ताई', नुसतं 'हॅलो' म्हणून काही होत नाही. प्लंबर 'पाच मिनिटांत येतो' म्हणाला की खुशाल भात लावायचा. कुणी 'बघू' म्हणालं तर ते नाही म्हणाले असं समजायचं. हे शेवटचं लानला इतकं आवडलं की तिनं ते वहीत लिहून घेतलं. आमच्या देशातही लोक असंच करतात, असं तिनं मायकडून सांगितलं. माय एव्हाना शाळेत आणि खालच्या पोरांत राहून हिंदी-मराठीची खिचडी फडाफडा बोलायला लागली होती, आणि फोनपेक्षा बरी दुभाषी झाली होती.

जमुना लानला एकदा रिक्षात बसवून स्टेशनजवळच्या बाजारात घेऊन गेली. तिथं ओला लसूण आणि गवती चहा बघून लान इतकी खूश झाली की भाजीवालीच्या गळ्यातच पडायची बाकी राहिली.

मार्च लागला तेव्हा लाननं एकदम चार किलो मांदेली मागितली. जमुनेला वाटलं घरी पाहुणे येणार. पण लाननं तुर्भ्याहून आणलेली चिनी मातीची मोठी बरणी दाखवली. तिच्या देशात प्रत्येक जेवणात माशाचं खारं पाणी लागतं, आपल्याकडे वरणावर लिंबू पिळावं तसं. ते बारीक मासे मिठात मुरवून वर्षभर ठेवून होतं. दुकानातली बाटली तिनं आणून पाहिली होती, पण तिला तिच्या आईच्या हातची चव पाहिजे होती. जमुनेला सगळं पटलं. मिठागराचं खडे मीठ तिनंच आणून दिलं. बरणी गॅलरीत उन्हात बसली. वासाचा विचार जमुनेच्या मनातही आला नाही, कारण तिच्या नाकाला तो वास कधी वासच वाटला नव्हता.

बाराव्या दिवशी जमुना सहाशे चारच्या दारात गेली तर दार सताड उघडं होतं. दिवाणखान्यात तीन बॅगा भरून उभ्या होत्या. चौथीवर माय बसली होती आणि लान रडत रडत तिची चेन ओढत होती. भिंतीवरची चित्रंसुद्धा काढून झाली होती.

"कुटं चाललीस गो?" जमुनेनं विचारलं.

लाननं फोन पुढे केला. फोनवर खालच्या नोटीस बोर्डाचा फोटो होता. मायनं खाली मान घालून सांगितलं, "आम्हाला काढलं. फोन म्हणतो, वास येणाऱ्या माणसांना लगेच बाहेर टाका. पप्पा साइटवर आहेत, फोन उचलत नाहीत."

जमुनेनं पाटी तिथंच दारात टेकवली. तिनं तो फोटो भाविकाला पाठवला, आणि भाविकानं ऑफिसातून वाचून सांगितलं की त्यात 'सदनिका क्रमांक ६०४ मधील दुर्गंधीयुक्त वस्तू रहिवाशांनी तत्काळ हटविण्याची व्यवस्था करावी' असं लिहिलंय. वस्तू हटवा म्हणालेत, माणसं नाहीत.

तेव्हा जमुना लानवर ओरडली. घाबरट म्हणाली, येडी म्हणाली. कुणी बोर्डावर चार ओळी लिहिल्या म्हणून पोरीला घेऊन पळायचं असतं का, कुणाला विचारायचं नाही का, असं बरंच काही म्हणाली. मायनं त्यातलं किती भाषांतर केलं कुणास ठाऊक, पण लानचं रडणं थांबलं. मग जमुना तिच्याशेजारी जमिनीवर बसली आणि आवाज उतरवून बोलली.

"मी या बिल्डिंगीत आली तवा एका बायनं माजी तक्रार केली. लिफ्टमधी पाटीचं पानी गळतं म्हनून. मी लाजेनं दोन महिनं आलीच नाय. नुसकान कुनाचं झालं? माजंच. मंग एक दिवस सरळ तिच्याच दारात गेली. आता ती माजी सगळ्यात जुनी गिऱ्हाईक हाय. ज्यानं तक्रार केली ना, त्याच्या दारात आदी जायचं. हे त्या कागदावर नाय लिवलेलं."

पहिल्यांदा त्या गेल्या सेक्रेटरींकडं. नंदकिशोर नावाचे ते गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, नोटीस लिहायची हौस असलेले. लानच्या घरात बॅगा भरल्यात हे ऐकून त्यांचा चेहरा पडला. लिफ्टची वाट न बघता ते जिन्यानं खाली गेले आणि बोर्डावरचा कागद स्वतः काढून आले. आपण माणसांबद्दल असं कधी लिहूच शकत नाही, हे त्यांनी लानला हिंदीत, इंग्रजीत आणि मग हात जोडून सांगितलं.

"सायेब, सोपं लिवा जरा," जमुना म्हणाली. "तुमची भाषा आमाला कळत नाय, त्या फोनला काय कळनार?"

त्यांच्याकडूनच कळलं की तक्रार खालच्या पाचशे चारमधल्या जयमालाबाईंची होती. साताऱ्याकडच्या, एकट्या राहणाऱ्या, स्वच्छतेच्या भारी कडक. लाननं दुपारभर बसून भाज्या घातलेल्या तांदळाच्या पापडाच्या गुंडाळ्या केल्या, त्यात मासळीचा थेंब नाही, आणि संध्याकाळी ताट घेऊन मायसकट ती खाली गेली. जमुना लिफ्टपाशी थांबली. आपण मध्ये पडायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

दार उघडलं. लाननं तोंडपाठ केलेलं वाक्य म्हटलं, "ताई, चूक झाली. बरणी उद्या जाते." जयमालाबाईंनी ताटाकडं बघितलं आणि त्यांना हसूच आवरेना. उंदीर मेला असं समजून त्यांनी आठ दिवसांत दोनदा सगळं स्वयंपाकघर उपसलं होतं, फ्रिज सरकवला होता, औषध फवारणाऱ्याला बोलावून त्याच्याशी भांडणही केलं होतं, आणि वास वरच्या गॅलरीतून येतोय एवढंच शेवटी कळल्यावर तक्रार केली होती. माशांची बरणी आहे हे आधी कळलं असतं तर वर येऊन सांगितलं असतं, बोर्डापर्यंत कशाला गेले असते, असं म्हणत त्यांनी दोघींना आत घेतलं. जमुना अर्धा तास लिफ्टपाशी उभी राहून कंटाळली आणि घरी गेली. ताट दुसऱ्या दिवशी वर आलं, आंबोळ्या आणि लसणीच्या चटणीसकट.

बरणीही दुसऱ्याच दिवशी हलली. तिचं झाकण फडक्यानं घट्ट बांधून दोघींनी ती रिक्षात चढवली. रिक्षावाल्यानं काय आहे विचारल्यावर जमुनेनं लोणचं म्हणून सांगितलं. त्यानं सारसोळ्यापर्यंत मान बाहेर काढूनच रिक्षा चालवली. जमुनेच्या परसात, सुकत घातलेल्या जवळ्याच्या शेजारी, बरणीला जागा मिळाली. तिथं तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. उलट शेजारणींनी येऊन झाकण उघडून बघितलं आणि मीठ कमी पडलंय की बरोबर आहे यावर दोन दिवस वाद घातला.

त्यानंतर लान दर रविवारी सारसोळ्याला यायला लागली. तुआनलाही आणायला लागली. तो जेट्टीवर बसून जाळी विणणाऱ्यांकडून गाठी मारायला शिकायचा आणि माय भाविकाबरोबर अभ्यास करायची.

पुढच्या वर्षी पाऊस संपल्यावर तुआनच्या कंपनीत आणखी एक इंजिनीयर आला, बायकोला घेऊन. थाओ तिचं नाव, तेविसेक वर्षांची, सातवा महिना लागलेला. लान तिला एका रविवारी सकाळी जेट्टीवर घेऊन आली. जमुना खेकड्यांच्या नांग्या बांधत होती. लान त्या पोरीला शेजारी बसवून भराभर बोलत होती, हात हलवत होती, मध्येच मराठी शब्द टाकत होती. 'काका' ऐकू आलं, 'कोथिंबीर' ऐकू आलं. एकदा लाननं आवाज चढवला आणि थाओनं डोळे पुसले, मग दोघी हसल्या. जमुनेनं मायला विचारलं, काय चाललंय.

"तिला डॉक्टरकडे जायची भीती वाटते," माय म्हणाली. "मम्मी ओरडली. म्हणाली, मी येते, आणि जयमालाआजीपण येते, तिला सगळे डॉक्टर माहीत आहेत."

जमुना नांग्या बांधत राहिली. हे डॉक्टरचं काही तिनं शिकवलेलं नव्हतं, आणि ते तिला फार बरं वाटलं.

थोड्या वेळानं थाओनं तिच्याकडं बघून हळू आवाजात काहीतरी विचारलं. माय म्हणाली, "ती वाशीला राहते. विचारते, तुम्ही तिकडे पण येता का?"

वाशी जमुनेची नव्हती. तिथल्या बिल्डिंगी बाळाबाईच्या, पंधरा वर्षांपासून, आणि एकमेकींच्या दारांवर जायचं नाही हा कोळणींचा शिरस्ता. जमुनेनं ओले हात पदराला पुसले, कमरेचा फोन काढला आणि बाळाबाईला लावला.

"बाळाबाय, तुज्या वाटनीची एक आलीय," ती म्हणाली. "पोटुशी हाय, भाषा येत नाय, मासळी चांगली वळखत असंल. उद्या सकाळीच जा. आनि हे बघ, दार नाय उघडलं तर परत फिरू नको."