एका भोकाचं मशीन

जालिंदर कुपवाडच्या कारखान्यात लेथवर कामाला होता आणि सांगलीची दुकानं त्याच्या पायाखालची होती. म्हणून कडेगावाकडच्या त्याच्या वस्तीतल्या गायनपार्टीनं अ‍ॅम्प्लिफायर निवडायचं काम त्याच्यावरच सोपवलं. मागणी साधी होती. मशीन लहान हवं, एका हातानं उचलून समाजमंदिरात नेता यावं, रोजच्या तालमीला आणि कुणाच्या बारशाला सहज गायला बसलं तरी चालावं. आणि त्यात जालिंदरच्या गिटारबरोबर माईकही लागावा. माईक शालूबाईसाठी. पार्टीची मुख्य गायिका तीच; पण थंडीतल्या खोकल्यानं तिचा आवाज पार बसला होता, आणि जयंती तर तोंडावर आली होती.

तात्याबा रेडिओवाल्यानं दोन मशीनं टेबलावर ठेवली. पहिलं दोन भोकांचं, एकात गिटार लावा, दुसऱ्यात माईक. त्यावर जालिंदरनं तार छेडली, तर सूर ओल्या पोत्यातून आल्यासारखा. दुसरं एकाच भोकाचं. पण त्यातून असा काही सूर निघाला की रस्त्यावरचा सायकलवाला पाय टेकून थांबला. जालिंदरच्या अंगावर काटा आला. आजवर वस्तीत त्याचं गिटार म्हणजे डासाची गुणगुण. ढोलकीपुढं ते ऐकतंय कोण!

"संगं गानारं कोन हाय का?" तात्याबानं विचारलं. "आसलं तर दोन भोकांचंच न्या."

"न्हाई, एकटं गिटारच," जालिंदर म्हणाला. खोटं इतक्या सफाईनं निघालं की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

एसटीत मशीन मांडीवर घेऊन बसला खरा. तासगाव येईपर्यंत त्यानं कितीदा तरी ठरवलं, उतरावं आणि बदलून आणावं. उतरला नाही.

समाजमंदिरात ढोलकीवाल्या हरिबानं मशीन उलटसुलट करून पाहिलं. "माईक कुटं लावायचा रं?"

"सांगलीत हेच मिळालं. दुसरं न्हवतंच."

चोराच्या मनात चांदणं! कुणी न विचारताच तो बोलत राहिला, सगळी पेठ पालथी घातली म्हणाला, पाय मोडले म्हणाला.

तालमीला शालूबाई नेहमीसारखी पुढं उभी राहिली. तिच्यामागून ओळ धरून म्हणणारे अर्जुना आणि बाकीचे झीलकरी पाठीशी बसले. पहिल्याच कडव्याला गिटारनं तिचा आवाज गिळला. जालिंदरनं बटण पिळून गिटार खाली आणलं. पण खाली आणलं की सुरातली जान जायची, आणि हात आपसूक पुन्हा बटणाकडं. त्याला कळत होतं. तरी हात जात होता.

गिटार काढून माईक लावू, असं हरिबा म्हणाला, तर शालूबाईनंच त्याला थांबवलं.

"आसू दे. पोरानं लय हौसंनं आनलंय, त्याला नावं ठिऊ नगासा. माजाच गळा ऱ्हायला न्हाई आता. जयंतीला म्होरं अर्जुना हुबा ऱ्हाईल."

लग्न होऊन वस्तीत आली तेव्हापासून पुढं उभी राहणारी ती बाई पदर सावरून झीलकऱ्यांत जाऊन बसली. जालिंदरला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

तालीम संपली, चहा आला. अर्जुना एका कोपऱ्यात खुशीत पहिलं कडवं घोकत होता. जालिंदर शालूबाईजवळ उकिडवा बसला.

"आवं काकी, खोटं बोललो मी. तितं माईकचं मशीन हुतं. माज्या गिटारापायी सोडून आलो."

शालूबाईनं कपबशी खाली ठेवली. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हे माज्या कानात सांगतोस व्हय? माजा गळा गेला, आसं मी समद्यांम्होरं बोलले."

तो उठला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं जे केलं ते सांगून टाकलं. मान काही वर उचलवली नाही. हरिबानं कपाळावर हात मारला.

"उद्याच्या उद्या बदलून आन, गड्या," हरिबा म्हणाला. अर्जुनाही कडवं सोडून शालूबाईला पुढं बोलवायला आला. ती जागची हलली नाही.

"मशीन बदलंल रं," ती जालिंदरला म्हणाली. "पन माजा गळा सरला, आसं मला खरंच वाटाय लागलं. त्ये कुटं बदलून आनशील?"