एल्मखालचे बोल

वादळात ते एल्मचं झाड पडलं, हे केझियाला टोपल्या विकताना कळलं. गिऱ्हाईक बोलत होतं तेवढ्यात तिने टोपल्या पाठीवर टाकल्या आणि तडक नदीकाठी, शॅकामॅक्सनला निघाली.

त्या झाडाखाली पिढ्यांपूर्वी तिच्या लेनापी माणसांनी, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांनी, आणि जहाजातून उतरलेल्या रुंद टोपीवाल्या गोऱ्यांनी सलोखा केला होता, असं दोन्हीकडचे सांगायचे. कागद नाही, शपथ नाही, नुसते बोल. दर वसंतात केझियाचा मामा तिथे उभा राहून ते म्हणायचा आणि प्रत्येक बोलामागे केझिया म्हणायची, "कहेला." हो, खरं आहे. ऐकणाऱ्याने ते म्हणायचंच. स्वतःच बोलून स्वतःच 'कहेला' म्हटलं तर ते धरत नाहीत.

मामा हिवाळ्यात गेला. बाकीची माणसं त्याच्या कितीतरी आधी पश्चिमेला निघून गेलेली. बोल केझियाला तोंडपाठ होते. ऐकायला मात्र कुणी उरलं नव्हतं.

पडलेल्या झाडावर माणसं मुंग्यांसारखी चढली होती. कुणाला त्या लाकडाची डबी हवी, कुणाला खुर्ची. नावा बांधणारा एबर फांदीवर बसून करवत चालवत होता. त्याने तिला ओळखलं, दरवर्षी बघायचा.

"काय मावशी, वाटा मागायला आलीस?"

"वाटा कसला? अख्खं झाड आमचं होतं, मेल्या."

"मग घे उचलून!"

सगळे खिदळले. केझियाचं डोकं सणकलं, पण ती हलली नाही.

"करवत ठेव खाली. मला बोल म्हणायचेत. मी थांबले की तू 'कहेला' म्हण."

"म्हातारा कुठंय आज?"

"मेला."

एबरने करवत ठेवली. टोपीही काढली, हे तिने बघितलं.

ती आपल्या भाषेत म्हणत गेली. ती थांबली की एबर "कहेला!" म्हणायचा, तेही असा मोठ्याने की पोरं फिस्सकन हसायची. पण म्हणाला. शेवटपर्यंत म्हणाला.

"आता सांग, कशाला हो म्हणालो मी?"

"आपल्यामधली वाट झाडून ठेवायची. कुणी चुगली आणली तर आधी एकमेकांना विचारायचं. आणि तुमच्या घराचं दार आम्हाला उघडं, आमचं तुम्हाला."

"एवढंच? ये की मग! कधीही ये, मावशी!" सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला.

तिच्या माणसांत ये म्हटलं की जायचं असतं. दार वाजवायचं नसतं. आत शिरायचं, चुलीजवळ बसायचं, घरातलं कुणीतरी न विचारता पुढ्यात खायला ठेवतं. संध्याकाळी केझिया एबरच्या घरी गेली, कडी उचलली आणि शेकोटीपाशी जाऊन बसली.

एबरची बायको लव्हिना अशी किंचाळली की पाळण्यातलं पोर जागं झालं. "बाहेर! बाहेर हो आधी!"

केझिया पायरीवर आली. मागोमाग पावाचा तुकडा आला, मग दार लागलं आणि आतून अडसर सरकवल्याचा आवाज झाला.

थोड्या वेळाने एबर मागच्या बाजूने डोकं खाजवत आला.

"घाबरली गं ती. मनावर घेऊ नको."

"अडसर कशाला?"

"वारा येतो."

झाडाचं पान हलत नव्हतं. त्याने मान खाली घातली.

"माझं घर ओढ्यापलीकडे आहे," ती म्हणाली. "त्याला अडसर नाही. उद्या ये जेवायला. येशील?"

"येतो ना."

"तसं नाही. म्हण."

"कहेला, मावशी." या वेळी तो हळू बोलला.

दुसऱ्या दिवशी तिने मक्याच्या कण्या शिजवल्या, त्यात सुकवलेला मासा टाकला. दोन वाडगे मांडले. दार सताड उघडं ठेवलं. मामा गेल्यापासून पहिल्यांदाच घरात दोन माणसांचं शिजलं होतं.

दुपार कलली. ओढ्यावर कुणाची तरी चाहूल लागली म्हणून ती उठली, तर हरीण होतं. तिने एक दगड भिरकावला. हरणाने काय केलं होतं? काही नाही.

अंधारून आलं. कण्यांवर साय धरली, मग त्या घट्ट झाल्या.

"आला नाही मेला," ती मोठ्याने म्हणाली. घरात कुणी काही म्हटलं नाही.

गारठा थेट आत येत होता. ती दारापाशी गेली, फळीवर हात ठेवला. दार लावलं तर बोल तिनेच मोडला असं झालं असतं. त्यांनी मोडला असेल, नसेल. पण मग कुणाकडेच राहिला नसता तो.

ती फळी सोडून मागे आली, अंगावर घोंगडी ओढली आणि उघड्या दाराकडे तोंड करून बसली.