घाण्यातलं नाव

"जातं? गाडीत? अगं, लगीन सांगलीत हाय, हिमालयात न्हवं! तिथं हळद दळायला जातं गावायचं न्हाई व्हय?"

सुभेदार भाऊसो कमरेवर हात ठेवून जीपच्या मागं उभे होते. फौजेत सारा जन्म घालवलेला माणूस. एका आरोळीत अख्खी पलटण उभी करायचा. पण कोरेगावच्या त्या घरात आरोळी चालायची ती एकट्या बायकोची, धोंडुबाईची.

"गावू दे न्हाईतर न गावू दे. माज्या भाचीची हळद माज्या आईच्याच जात्यावर दळायची. उचला! आन जपून, खुटा निखळंल."

भाऊसोंनी निमूटपणे दोन्ही दगड उचलून पोत्यावर ठेवले. धोंडुबाईनं नवीकोरी हिरवी साडी आवरली, पुढच्या सीटवर बसली आणि दार असं आपटलं की झाडावरचे कावळे उडाले. साठी उलटली होती, अंग काटक होतं, आणि आवाज म्हणाल तर बांधावरून हाक मारली की पलीकडच्या शिवारातली बैलं जागच्या जागी थांबायची. आज त्या आवाजाचं काम होतं. उद्या भाची अंकिताचं लग्न, आज हळद, आणि हळदीचा घाणा गाणार कोण? आत्ती! दुसरं आहे कोण?

घाणा म्हणजे हळद दळताना जात्यावर म्हणायच्या ओव्या. धोंडुबाईच्या माहेरची रीत अशी की घाण्यात घरच्या एकेका माणसाचं नाव गुंफायचं. धोंडुबाईची आई सांगायची, लग्नात एखाद्याचं जेवण चुकलं तर चालेल, पण घाण्यात नाव चुकू नये. नाव राहिलं तो माणूस परका. आणि आणखी एक. गाणारीनं स्वतःचं नाव स्वतः घ्यायचं नाही, ते दुसरीनं घ्यायचं. आई होती तोवर धोंडुबाईचं नाव आई घ्यायची. आई गेल्यावर तो मान भावजयीचा.

इथंच तर सगळं घोडं पेंड खात होतं.

चार वर्षांपूर्वी भाचा राजवर्धनचं लग्न झालं. तेव्हाही धोंडुबाईनंच घाणा गायला. भावाचं नाव झालं, भावजयीचं झालं, आजोळचे, पणजोळचे सगळे झाले. मग रीतीप्रमाणं ती थांबली. खुट्यावर हात, मान खाली, कान समोर बसलेल्या विजयमालाकडं. आणि भावजय काय म्हणाली? "झालं ना वन्सं? चला चला, फोटोवाला खोळंबलाय!" उठली की! हात झटकून उठली! धोंडुबाई भरल्या मांडवात खुटा धरून तशीच बसून राहिली.

तिनं तोंडातून ब्र काढला नाही. जेवली, आहेर केला, घरी आली आणि त्या दिवसापासून सांगलीचा रस्ता सोडला. भाऊबीजेला भाऊ जयराज बिचारा स्वतः कोरेगावला यायचा आणि विचारायचा, "आक्का, तू का येत न्हाईस गं?" ही आपली म्हणायची, गुडघं दुखत्यात. गुडघे कसले दुखतायत! उसाच्या सरीतनं हरणासारखी पळायची बाई.

"ऐका," रहिमतपूर मागं टाकल्यावर धोंडुबाई म्हणाली. "मी काय ठरवलंय सांगू? आज तिचं नाव मी घाण्यात घेनारच न्हाई."

भाऊसोंनी गाडीचा वेग कमी केला. "कुनाचं?"

"विजयमालाचं. भावाचं नाव घेनार आन फुडं जानार. भरल्या मांडवात नवरीच्या आईचं नाव गाळनार! कळू दे तिला बी, कसं वाटतंय त्ये."

"अगं, पोरीच्या हळदीत? अंकी काय म्हनंल?"

अंकिताचं नाव निघालं आणि धोंडुबाईनं तोंड खिडकीकडं वळवलं. पोरगी लाघवी. गेले चार महिने दर रविवारी फोन करायची. "आत्ती, ती खांबाची ओवी परत म्हण ना. केळीची पण म्हण. हळू म्हण, मी रेकॉर्ड करतीय." आणि आत्ती इकडं शेतात उभी राहून, एका कानात बोट घालून, घसा ताणून ओव्या म्हणायची. फोन ठेवला तरी अर्धा तास पाय जमिनीला लागायचे नाहीत. खुरप्यानं भांगलण तरी अशी व्हायची की बरोबरच्या बायका मागं पडायच्या. पण फोनवर मागं सारखा एक मिक्सर घरघरायचा. "तुजी आई जरा बोलू बी दीना व्हय गं? मुद्दाम लावती काय मिक्सर?" असं तिनं एकदा विचारलंही होतं. अंकिता नुसती हसली होती.

कराड गेलं, आष्टा गेलं, सांगली जवळ आली तसा धोंडुबाईचा उजवा पाय आपोआप ताल धरायला लागला. राग एकीकडं आणि ताल एकीकडं. ओठही हलायला लागले. भाऊसो तिरक्या नजरेनं बघत होते, पण हसायची हिंमत नव्हती.

विश्रामबागेतल्या मंगल कार्यालयात शिरल्या शिरल्या धोंडुबाईचं डोकं तडकलं. एका बाजूला डीजेची भिंत, इतकी मोठी की मागं कार्यालय आहे का नाही कळू नये. आणि हळदीच्या चौकात काय ठेवलं होतं? वीतभर जातं! खुट्याला गुलाबी रिबन! फिरवलं तर सगळंच्या सगळं फिरायचं.

"ह्ये काय भातुकलीतलं हाय काय?" धोंडुबाई गरजली. "काढा ह्ये! आवं, आना आपलं!"

भाऊसोंनी जातं आणलं आणि चौकात मांडलं. काळाभोर दगड, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. चार म्हाताऱ्या बायका लगेच पुढं सरकल्या आणि दगडावरून हात फिरवायला लागल्या. जयराज धावत आला, आक्काच्या पाया पडला आणि तिथंच रडायला लागला. "आलीस बाई एकदाची!" पिवळ्या साडीतली अंकिता तर गळ्यातच पडली. विजयमाला मात्र चार पावलं लांब उभी होती. चेहरा उतरलेला, हातात पदराचं टोक, त्याची पिळून पिळून दोरी झालेली. "या वन्सं," एवढंच म्हणाली. धोंडुबाईनं नुसती मान हलवली. येऊ दे वेळ, मग बघते, असं मनात म्हणाली.

जात्याला आंब्याची पाच पानं बांधली. एका बाजूला धोंडुबाई, समोर नवरीची आई. खुटा एकच आणि त्यावर दोघींचे हात. विजयमालाचा हात गार पडला होता. धोंडुबाईनं मूठभर हळकुंडं घातली, डोळे मिटले आणि सूर लावला.

*पिवळी हळद बाई, दळीते पिवळं ऊन*
*अंकिता लेक आमची, उद्या हुईल गं सून*

बाप रे, काय तो आवाज! डीजेवाल्यानं टेबलावरचा चहा तसाच ठेवला. स्वयंपाकघरातल्या आचाऱ्याकडच्या बायका झारे घेऊनच बाहेर आल्या. दुसऱ्या ओवीला म्हाताऱ्यांनी मागं सूर धरला, तिसऱ्या ओवीला पोरींनी टाळ्या धरल्या. भाऊसोंना राहवेना. त्यांनी एक रिकामं पातेलं पालथं घातलं आणि त्यावर बोटं अशी नाचवायला सुरुवात केली की निवृत्त सुभेदार आहेत का हलगीवाले आहेत, कळेना. जातं भराभर फिरायला लागलं, पिवळी भुकटी भोवती सांडायला लागली, आणि चौकातल्या प्रत्येक बाईचा पाय हलायला लागला. धोंडुबाईला वाटलं, आईच आपल्या घशात येऊन बसली आहे. गाडीतला शीण, साठी, सगळं कुठल्या कुठं पळालं!

मग आली भावाची ओवी.

*हळदीच्या मांडवाला, खांब दिसं गं थोराचा*
*जयराज बंधू माजा, बाप शोभं नवरीचा*

आता. आता पुढं जायचं. भावजयीला गाळायचं आणि सरळ आजोळ धरायचं. ठरलेलं होतं. धोंडुबाईनं डोळे उघडले. समोर विजयमाला मान खाली घालून, ओठ घट्ट मिटून, खुटा ओढत होती. तिला माहीत होतं! आपलं नाव येणार नाही, हे ओळखूनच ती बसली होती. आणि तरी जातं ओढत होती.

पण गाणं कुणाच्या बापाचं ऐकतं का? खांब उभा केला की त्यावर वेल चढवायचा असतो. आईनं तसंच शिकवलं होतं. उघडा खांब मांडवात सोडायचा कसा? जातं थांबेना, टाळ्या थांबेनात, पातेलं थांबेना. धोंडुबाईनं तोंड उघडलं आजोळासाठी, आणि बाहेर पडलं भलतंच.

*खांबाला त्या बाई, येल चढला जाईचा*
*विजयमाला भावजय, मान पयला आईचा!*

झालं! बोलून गेली! धोंडुबाईला स्वतःचाच राग आला आणि त्याच क्षणाला छातीवरचा धोंडा उतरल्यागत हलकंही वाटलं. विजयमालानं झटकन मान वर केली. डोळ्यांतून पाण्याच्या धारा, हात मात्र खुट्यावर.

मग धोंडुबाई थांबलीच नाही. आजोळ झालं, पणजोळ झालं, राजवर्धन झाला, पातेलं बडवणाऱ्या सुभेदाराचंही नाव झालं आणि हशा पिकला. सगळी नावं संपली. जातं हळू झालं. थांबलं.

धोंडुबाईनं मान खाली घातली. घाण्यातली हीच ती जागा. चार वर्षांपूर्वी इथंच. टाळ्या थांबल्या. पातेलं थांबलं. घे गं, घे. एकदा घे माझं नाव.

समोरून कुणीतरी घसा खाकरला. आणि एक आवाज निघाला. आवाज कसला, गंजलेल्या फाटकाचा करकराट!

*मांडवाच्या दारी आज, कुणी लावली गं केळ*
*धोंडुबाई वन्सं आल्या... झाली हळदीची वेळ*

सूर एकीकडं, ताल एकीकडं. एक पोरगी तोंडावर हात धरून फिसकन हसली. विजयमाला लालबुंद झाली, पण शेवटच्या अक्षरापर्यंत रेटत गेली आणि तिथं तिला हुंदका फुटला.

"मला गाता येत नाही हो वन्सं. शाळेत बाई म्हणायच्या, तू नुसते ओठ हलव. राजवर्धनच्या वेळी तुम्ही थांबलात, सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या, आणि माझी गाळणच उडाली. मी पळाले. तुम्ही रागावलात ते कळत होतं, पण सांगायला तोंड नव्हतं."

"आत्ती, चार महिने झाले," अंकिता मध्येच ओरडली, "तुझा फोन ऐकून, रेकॉर्डिंग लावून शिकतीय ती! कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून मिक्सर लावून म्हणते. घरात चटणीचे डबे ठेवायला जागा उरली नाही!"

अख्खं कार्यालय हसायला लागलं. मिक्सर! तो मिक्सर त्यासाठी होता होय! धोंडुबाईचा आ वासलेला तसाच राहिला. ही बाई अशी की भजनात कुणाचा सूर चुकला तर हातातले टाळ हिसकावून घ्यायची. आज तिचे डोळे भरून वाहत होते आणि पुसायचं भान नव्हतं.

"लय चुकलं का?" विजयमालानं हळूच विचारलं.

"चुकलं म्हंजी? सूर पार आष्ट्याला गेला तुजा!" धोंडुबाईनं हळदीनं माखलेल्या हातानंच भावजयीचा चेहरा धरला. दोन्ही गाल पिवळे झाले. "परत म्हन."

"परत?"

"चार वर्सं उपाशी हाय मी. एका घासानं काय हुतंय? म्हन परत!"

"काका, आता गाणं लावू का?" डीजेवाल्यानं भाऊसोंना विचारलं.

"थांब!" सुभेदार ओरडले. "अजून हुकूम न्हाई." आणि त्यांनी पातेल्यावर थाप मारली.

धोंडुबाईनं हळकुंडाची नवी मूठ जात्यात घातली. दोघींनी खुटा धरला. विजयमालानं पदरानं नाक पुसलं, डोळे मिटले आणि त्याच करकरत्या आवाजात मांडवाच्या दारापासून पुन्हा सुरुवात केली.