पूजेची शाई

शाई का फुटते, हे मी मुलांना बाभळीचा डिंक दाखवूनच शिकवतो. मानवतला माझ्या ओसरीवर रविवारी मुलं अक्षर गिरवायला येतात. डिंकाचे खडे पाण्यात भिजत घालायचे, फडक्यातून गाळायचे आणि ते पाणी शाईत थेंबाथेंबाने सोडायचं. शाई जरा जड होते, कागदात पळत नाही, अक्षराची कड जागच्या जागी राहते. डिंक जास्त झाला तर मात्र निब तोंडच उघडत नाही.

"आन् पळवायची असंल तर?" ज्ञानेश्वरीने विचारलं.

"म्हणजे?"

"शाई. लय पळवायची असंल तर काय टाकायचं, गुरुजी?"

मुलांनी विचारलेलं मी टाळत नाही. भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब शाईत टाकला, त्या शाईने दोन शब्द लिहिले आणि कागद उचलून दाखवला. प्रत्येक रेघेला केस फुटले होते. मुलं हसली. ज्ञानेश्वरी हसली नाही. ती तो कागद उलटसुलट करून बघत राहिली.

"साबणाची शाई पुन्ना नीट होती का?"

"न्हाई बाई. वतून द्यावी लागती."

तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं, असं मी म्हणणार नाही. लक्षात आलंच होतं.

गेल्या वर्षी तालुक्याच्या हस्ताक्षर स्पर्धेत ही पोर पहिल्यांदा बसली. आईबाप दरवर्षी दसरा झाला की कोयता घेऊन कारखान्यावर जातात, ही त्यांच्याबरोबर जाते, उन्हाळ्यात परत येते. शाळा अशी तुकड्यातुकड्यांत. पण अक्षर असं की बघत राहावं. स्पर्धेचा कागद आयोजकांचा होता, मऊ आणि पिणारा. तिची शाई फुटली. ती उठून म्हणाली, "सर, कागद शाई पितोय."

दिनकररावांनी, म्हणजे परीक्षकांनी, तिचा कागद सगळ्या हॉलला उंच धरून दाखवला. "कागदाला नावं ठेवू नको गं. ऊस तोडायचा हात हाय हा, निबला वळायचा न्हाई." पालक हसले. दिनकररावांचा गावात अक्षराचा क्लास चालतो. त्यांच्या मुलांनी आधीच शाई घट्ट करून आणली होती. त्यांना कागद ठाऊक होता.

त्या दिवसापासून दिनकररावांचं नाव निघालं की माझं तोंड कडू व्हायचं.

यंदा स्पर्धा खंडेनवमीला ठेवली होती. पाटीवर सरस्वती काढून तिच्यापुढे सगळ्यांचे पेन आणि दिनकररावांची शाईची बाटली मांडायची, हळदकुंकू वाहायचं. मग त्याच शाईने दिनकरराव मोठ्या कागदावर 'श्री' लिहून तो सगळ्यांना दाखवणार आणि स्पर्धा सुरू होणार. हॉलमध्ये मुलं रांगेने फुलं वाहत होती. ज्ञानेश्वरी वाकली ती जरा जास्तच वेळ. तिच्या मुठीत डोळ्यांच्या औषधाची जुनी बाटली होती. ती मीच तिला डिंकाच्या पाण्यासाठी दिलेली. तिच्यात आज डिंक नव्हता.

मी उठलो नाही. खुर्चीत बसून राहिलो. मला ते 'श्री' बघायचं होतं.

आरती झाली आणि स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष आप्पारावशेठ हात जोडून उभे राहिले. भाविक माणूस. "सर, एक मनात हाय. पूजेची शाई हाय ही. समद्या लेकरांच्या पेनात थोडी थोडी घाला. परसाद समजा."

प्रसादाला नाही कोण म्हणणार? मुलं पेन उघडून आपली शाई रिकाम्या वाटीत ओतू लागली.

ज्ञानेश्वरीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तिने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यात पुढे पहिलीतली राजेश्री बसली होती, नवा पेन दोन्ही हातांत धरून. आता तिचाही कागद कुणीतरी उंच धरणार होतं.

"ए, तू ये," दिनकररावांनी नेमकं ज्ञानेश्वरीलाच बोलावलं. "ड्रॉपर घे आन् भर समद्यांचे. सांडू नको. तेवढं तरी जमंल न्हवं?"

"जमंल, सर."

ती रांगेने निघाली. प्रत्येकापाशी वाकायची, पेन भरायची आणि कानाशी काही पुटपुटायची. माझ्या खुर्चीजवळ आली तेव्हा मला ऐकू आलं.

"निब उलटी धर. भार टाकू नको. रेघ बारीक येती, फुटत न्हाई."

हे मी तिला शिकवलेलं. निब पालथी केली की शाई कमी उतरते. बेफाम शाईवर तेवढाच एक लगाम.

नागेश दिनकररावांचा लाडका विद्यार्थी. तो म्हणाला, "आमच्या सरांनी असं न्हाई शिकवलं."

"मग ऱ्हाऊ दे. फुटल्यावर रड."

नागेशने निब उलटी केली.

शेवटी तिने दिनकररावांचा पेन भरला. रुंद, तिरकी कापलेली निब. टोपण लावून तिने पेन दोन्ही हातांनी पुढे केला. त्यांच्या कानाशी ती वाकली नाही.

दिनकररावांनी बाह्या सरसावल्या आणि नेहमीसारखा जोर देऊन 'श्री' लिहिलं. न बघताच कागद उंच धरला, सवयच ती. पुढच्या रांगेतून आधी राजेश्रीचा आवाज आला, "अय्या, सुरवंट!"

कागदावर खरंच सुरवंट चालला होता. वेलांटीला केस, दांडीला पाय, आणि ते बघताबघता वाढत होते. हॉल हसू लागला. दिनकररावांनी कागद वळवून पाहिला. मान लाल झाली.

"कागद बोगस आणलाय! कुणी आणला ह्यो कागद?"

ज्ञानेश्वरी जागेवर उभी राहिली. "कागदाला नावं ठेवू नका, सर. हात वळत नसंल तुमचा."

या वेळी पालक लगेच हसले नाहीत. त्यांना गेल्या वर्षीचं आठवलं होतं. मागून कुणीतरी एकटंच खुदकन हसलं, मग सगळेच. तो कागद कुठे ठेवावा हे दिनकररावांना कळेना.

"पोरांचं बघू," आप्पारावशेठ म्हणाले.

मुलांनी पालथ्या निबांनी लिहिलं. अक्षरं बारीक, फिकट, पण एकाचंही फुटलं नाही. नंबर कुणाचा आला ते ज्ञानेश्वरीने ऐकलंही नाही. ती बाहेर येऊन पायरीवर बसली होती.

"रागावलाव का, गुरुजी?"

शिक्षकाने जे म्हणायचं असतं ते सगळं माझ्याजवळ होतं. पण छातीत वर्षभर साचलेलं काहीतरी मोकळं झालं होतं आणि ते मला चांगलं वाटत होतं.

"ती बाटली दे इकडं," मी म्हणालो.

तिने दिली. मी ती खिशात टाकली.

"आन् पेन नळाखाली धर. पाणी नितळ येईस्तोवर. साबण निबंत राह्यला तर उद्या तुझंबी अक्षर फुटंल."

ती नळाशी गेली. निळं पाणी बराच वेळ वाहत राहिलं. परवा ती आईबापांबरोबर ट्रॅक्टरवर चढणार होती. पेन बरोबर न्यायचा होता.